रंगाची पकड: आकड्याआधी डॉलीचा तळ बघा

पत्र्यावर रंग किती घट्ट बसलाय हे मोजायला पुल-ऑफ चाचणीत 20 मिलिमीटर व्यासाची धातूची 'डॉली' रंगावर चिकटवून सरळ वर ओढतात; ती सुटते तेव्हाचा ताण मेगापास्कलमध्ये मिळतो. पण नुसत्या आकड्यावर विसंबू नका, आधी डॉलीचा तळ बघा. तळाला रंगाचा अख्खा थर आला आणि खाली पत्रा उघडा पडला, तरच पकड मोजली गेली. रंग मधूनच फाटला किंवा गोंदच सुटला, तर पकड किमान तेवढी आहे इतकंच कळतं.

कुणी म्हणेल, ब्लेडने चौकोन कापून टेप ओढणं सोपं नाही का? सोपं आहेच; आयएसओ 2409 नुसार 0 ते 5 श्रेणीही मिळते, 0 म्हणजे उत्तम. पण ती डोळ्यांनी ठरवलेली श्रेणी, ताकदीचं माप नव्हे. ताकद मोजायची तर पुल-ऑफच करा, आणि नुसता आकडा पुरेसा नसल्याने अहवालात त्याशेजारी रंग कुठून सुटला हेही लिहायलाच हवं.