कव्हरेजचा आकडा येतो कुठून?

प्रोग्रॅमरने बदल पाठवला की सीआय (कंटिन्युअस इंटिग्रेशन) सर्व्हर, म्हणजे बदल आपोआप तपासणारा सर्व्हर, कोड नव्याने बिल्ड करतो, चाचण्या चालवतो आणि एक आकडा देतो: समजा, कव्हरेज (चाचण्यांत चाललेल्या ओळींचा वाटा) ८४ टक्के. सी भाषेत ही मोजणी जीसीसी कंपायलरच्या मदतीने होते. सांगितल्यास तो कोडमध्ये जागोजागी काउंटर पेरतो. चाचण्या चालताना काउंटरांची मोजणी फाइलीत साठते आणि कोणती ओळ किती वेळा चालली, हे जीसीसीसोबतचे जीकॉव्ह हे साधन दाखवते.

सीआयमधली स्क्रिप्ट हा अहवाल कोडकव्हसारख्या सेवेकडे धाडते. बदलामुळे टक्का घसरला का, हे लगेच दिसते. माझ्या मते एकूण टक्क्यापेक्षा नव्या ओळींचा टक्का जास्त कामाचा. पण ओळ चालली म्हणजे उत्तर तपासले गेले, असे नाही; काहीच न पडताळणारी चाचणीही शंभर टक्के मिळवू शकते. (वरून लक्ष्य ठरवून दिले की अशा चाचण्या उगवतातच.)

अहवाल पाठवणारी स्क्रिप्टही निरुपद्रवी समजू नये. २०२१च्या जानेवारीअखेर हल्लेखोराने कोडकव्हच्या अशाच स्क्रिप्टमध्ये, बॅश अपलोडरमध्ये, गुपचूप फेरफार केला. सीआयच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधली टोकन आणि चाव्या बाहेर जाऊ लागल्या. एप्रिलमध्ये एका ग्राहकाने स्क्रिप्टचा चेकसम (फाइल बदलली नाही ना, हे पडताळणारा आकडा) ताडून पाहिला, तो जुळेना, तेव्हा हे उघड झाले.