सावध वस्ती (लेखांक 7) : कोण कुठे झोपतं?

गेल्या आठवड्यात पाणी आणि शिधा साठवण्याबद्दल लिहिलं. आज माणसांबद्दल लिहायचं आहे.

आमचं डब्लिन कॅलिफोर्नियातलं. गावाच्या पश्चिम अंगाने कॅलाव्हेरस भ्रंश जातो आणि डोंगरापलीकडे हेवर्ड भ्रंश आहे. 1868 साली तिथे मोठा भूकंप झाला होता. तसा धक्का पुन्हा बसला तर शेकडो घरांतून एकदम मदतीचे फोन जातील आणि अग्निशमन दलाच्या गाड्या पुरणार नाहीत. तोवर जे करायचं ते शेजाऱ्यांनीच.

त्यासाठी इथे 'सर्ट' नावाची नागरिकांची प्रशिक्षित पथकं असतात. सुरुवात लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलाने 1985 साली केली. त्याच वर्षी मेक्सिको सिटीच्या भूकंपात साध्या लोकांनी सुमारे 800 जणांना ढिगाऱ्यातून काढलं, पण ते करताना शंभराच्या आसपास लोक स्वतः दगावले. म्हणून इथे आधी शिकवतात ते आत कधी जायचं नाही हे. घरात शिरताना दारावर एक तिरकी रेघ ओढायची, बाहेर आल्यावर दुसरी. झालेल्या फुलीच्या खालच्या कोनात किती माणसं सापडली ते लिहायचं. मागून येणाऱ्यांचा वेळ वाचतो.

गॅसचंही शिकून घ्या. मीटरजवळची तोटी पान्याने पाव फेरा फिरवायची, पट्टी पाइपला आडवी झाली की गॅस बंद. पण वास आला किंवा फुसफुस ऐकू आली तरच. एकदा बंद केलेला गॅस कंपनीच्या माणसानेच सुरू करायचा.

आपल्या मराठी घरांत आणखी एक गोष्ट असते. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील दिवसभर एकटे घरी असतात. अनेकांना इंग्रजी बोलताना अवघडल्यासारखं होतं, शेजारी कोण राहतं ते माहीत नसतं आणि शेजाऱ्यांनाही घरात कोणी आहे याचा पत्ता नसतो. मला ही सगळ्यात मोठी उणीव वाटते. आमच्या गल्लीची यादी केली तेव्हा आम्ही आधी आजी-आजोबा लिहिले आणि मग पाने.

माझी आई औशाची, किल्लारीच्याच भागातली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन आटोपून लोक झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद अंगावर कोसळलं. सुमारे दहा हजार माणसं गेली.

परवा आईला मीटर दाखवायला नेलं. तिने पाना हातात घेऊन पाहिला आणि तिथेच दोरीने बांधून ठेवायला सांगितलं. मग म्हणाली, "मी मागच्या खोलीत झोपते, ते तेवढं शेजारणीला सांगून ठेव."

त्या संध्याकाळी आम्ही दोघी शेजारी जाऊन आलो.