जुना सील फेकू नका

हायड्रॉलिक सिलिंडर गळायला लागला की वर्कशॉपमध्ये पहिलं फर्मान सुटतं, "सील बदल!" नवा बसतो, जुना कचऱ्यात जातो. पंचाईत इथेच होते, कारण गळतीचं कारण त्या जुन्या सीलवरच उमटलेलं असतं.

तो पुसून उजेडात धरा. गोल ओ-रिंग चपटी झाली असेल तर उष्णतेने तिची लवचीकता गेली. एक कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसते? दाबाने सील फटीत घुसला. फट कमी करा, नाहीतर मागे बॅकअप रिंग लावा. पॉलियुरेथेन एरवी भलतं चिवट, पण सतत गरम पाण्यात राहिलं तर पाणी त्याच्या रेणुसाखळ्या तोडतं आणि सील बोटांनी तुटतो.

टेफ्लॉनची गंमत वेगळी. 1938 मध्ये रॉय प्लंकेट यांना अपघाताने सापडलेला हा पदार्थ बहुतेक रसायनांना दाद देत नाही, मात्र सततच्या दाबाखाली हळूहळू पसरतो. म्हणून त्यात काचतंतू मिसळतात किंवा मागे स्प्रिंग देतात.

नवा सील चढवण्याआधी रॉडवरून नख फिरवा. ते कुठे अडलं, तर आधी रॉड दुरुस्त करून घ्या.