वार्ता जगली तर खेळ जगेल

संस्कृतात ‘वार्ता’ या शब्दाला दोन अर्थ आहेत आणि दोन्ही जुने आहेत. एक आपल्या नित्य परिचयाचा : बातमी, कुशलवृत्त, घडलेल्या गोष्टीची हकिकत. दुसरा मात्र आज बहुतेकांच्या विस्मरणात गेला आहे. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या आरंभी ज्या चार विद्या सांगितल्या, त्यांत आन्वीक्षिकी, त्रयी आणि दंडनीती यांच्या पंक्तीला त्याने ‘वार्ता’ बसविली आहे. तेथे तिचा अर्थ शेती, पशुपालन आणि व्यापार, म्हणजेच मनुष्याच्या उपजीविकेची विद्या. ‘वृत्त’ आणि ‘वृत्ती’ ही एकाच ‘वृत्’ धातूची अपत्ये होत. बातमी आणि भाकरी एकाच शब्दाच्या पोटात नांदावीत, ही गोष्ट मोठी बोलकी आहे. ज्या बातमीमागे कोणाची वृत्ती उभी नाही, ती बातमी चार दिवस गाजते आणि पाचव्या दिवशी थांबते.

नवरात्रात घरोघरी कुमारिकेला पाटावर बसविले जाते. तीच कुमारिका उद्या मैदानावर धावू लागली, तर तिची वार्ता कोण सांगतो आणि सांगणाऱ्याचे पोट कशावर चालते, हा आजच्या लेखाचा विषय आहे. गेल्या काही वर्षांत केवळ स्त्रियांच्या क्रीडावार्ता देणारी संकेतस्थळे निरनिराळ्या देशांत निघाली. दोघातिघांनी मिळून तुटपुंज्या भांडवलावर मांडलेल्या अशा उद्योगाला हल्ली ‘स्टार्टअप’ म्हणतात. नाव नवे असले तरी त्यातील प्रश्न फार जुना आहे.

प्रथम रोग किती खोल आहे ते पाहू. अमेरिकेतील काही संशोधकांनी दूरदर्शनवरील क्रीडावृत्तांची दर पाच वर्षांनी मोजदाद केली. १९८९ साली एकूण वेळेपैकी सुमारे ५ टक्के वेळ स्त्रियांच्या खेळांना मिळत असे. ३० वर्षांनी, २०१९ मध्ये, तो ५.४ टक्के भरला. या ३० वर्षांत खेळणाऱ्या मुलींची संख्या कितीतरी वाढली होती. शाळा-महाविद्यालयांत मुलींना समान संधी देणारा ‘टायटल नाइन’ हा कायदा त्या देशात १९७२ सालीच झाला होता. मैदान भरले, पण त्याची वार्ता होती तेथेच राहिली.

यावर ठरलेले उत्तर असे, की लोक पाहत नाहीत म्हणून आम्ही दाखवीत नाही. वरवर हा तर्क निर्दोष वाटतो. परंतु न्यायशास्त्र जाणणारा त्यातील अन्योन्याश्रय दोष तत्काळ ओळखील. दाखवीत नाहीत म्हणून लोक पाहत नाहीत आणि लोक पाहत नाहीत म्हणून दाखवीत नाहीत, असे दोन्ही पाय एकमेकांवरच टेकलेले असतात. हा दोष शब्दांनी नव्हे, प्रत्यक्ष प्रमाणानेच मोडावा लागतो आणि तो मोडलाही. ७ एप्रिल २०२४ रोजी अमेरिकेतील महाविद्यालयीन महिला बास्केटबॉलचा अंतिम सामना सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी झालेला पुरुषांचा अंतिम सामना पाहणारे सुमारे १ कोटी ४८ लाख होते. त्याआधी मार्च २०२२ मध्ये बार्सिलोनाच्या कँप नोउ मैदानावर महिलांच्या फुटबॉल सामन्याला ९१,५५३ प्रेक्षक लोटले होते. म्हणजे पाहणाऱ्यांचा तुटवडा नव्हता. सामना केव्हा, कोठे, कोणाशी आणि त्यात पणाला काय लागले आहे, हे सांगणाऱ्यांचा होता.

हा पूर्वरंग झाला. आता आख्यानाकडे वळू.

या कथेची पहिली नायिका बिली जीन किंग. सप्टेंबर १९७३ मध्ये ह्यूस्टन येथे ३०,४७२ प्रेक्षकांसमोर तिने बॉबी रिग्ज या माजी विंबल्डन विजेत्याला टेनिसच्या सामन्यात हरविले आणि तिचे नाव जगभर झाले. त्या कीर्तीचे तिने काय केले? १९७४ साली पती लॅरी किंग यांच्यासह तिने ‘विमेनस्पोर्ट्स’ नावाचे मासिक काढले आणि त्याच वर्षी स्त्रियांच्या खेळांसाठी एक प्रतिष्ठानही स्थापिले. एक सामना जिंकल्याने स्त्रियांचा खेळ जिंकत नाही आणि दुसऱ्याच्या मासिकातील पानाची याचना करीत बसण्यापेक्षा स्वतःचे पान काढावे, हे तिने ओळखले होते. परंतु मासिक चालविणे हे टेनिस खेळण्याहून अवघड असते. कागद, छपाई, टपाल आणि जाहिरातदारांची मनधरणी यांचा भार कोणालाही सोडीत नाही. भांडवलाची ददात नसलेल्या मोठ्या प्रकाशनसंस्थेने चालविलेले ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड विमेन’ हे नियतकालिकदेखील २००२ साली बंद पडले. वार्तेच्या दुसऱ्या अर्थाने पहिल्या अर्थाला गिळले, ते असे.

पुढे इंटरनेट आले आणि छपाई व टपाल यांचा खर्च जवळजवळ नाहीसा झाला. टोरांटोत तीन मैत्रिणींनी ‘द जिस्ट’ सुरू केले, तेही ई-मेलने धाडल्या जाणाऱ्या वार्तापत्रापासून. जेसी डीहूप, एलेन हिस्लॉप आणि रोझलिन मॅकलार्टी अशी त्यांची नावे. पुरुषांच्या व स्त्रियांच्या खेळांना समान जागा द्यावयाची आणि ज्या वाचकाला आजवर कोणी खेळ समजावून सांगितला नाही, त्याच्याशी घरगुती भाषेत बोलावयाचे, ही त्यांची रीत. अमेरिकेत २०२० मध्ये हेली रोझेन या तरुणीने ‘जस्ट विमेन्स स्पोर्ट्स’ उभे केले. ती स्वतः स्टॅनफर्ड विद्यापीठाची फुटबॉलपटू. आपल्याच खेळाचे निकाल आणि वृत्तांत धड एका ठिकाणी मिळत नाहीत, ही तिची तक्रार होती. तक्रार करून ती थांबली नाही, तिने ते ठिकाणच निर्माण केले.

या उद्योगाला मुहूर्त मात्र विलक्षण लाभला. आरंभ होतो न होतो तोच कोरोनाची साथ आली आणि जगातील मैदाने ओस पडली. ज्याला खेळाची बातमी द्यावयाची त्याच्यापुढे खेळच उरला नाही! परंतु खेळ थांबला तरी खेळाडू होत्या, त्यांची आयुष्ये होती. विश्वविजेत्या संघातील केली ओहारा हिच्या सूत्रसंचालनाखाली खेळाडूंच्या मुलाखतींचा पॉडकास्ट सुरू झाला. जून २०२० च्या अखेरीस अमेरिकेत सर्वप्रथम मैदानात परतलेली व्यावसायिक सांघिक स्पर्धा महिला फुटबॉलचीच ठरली. पुढल्या वर्षी या संकेतस्थळाला सुमारे ३५ लाख डॉलरचे भांडवल मिळाले आणि ते देणाऱ्यांत बास्केटबॉलपटू केविन ड्युरंट हाही होता.

वाचकहो, या उदाहरणांतून उद्योगाची काही सूत्रे हाती लागतात. आपल्या घरातील एखादी लेक किंवा सून उद्या असे काही आरंभू म्हणाली तर ती उपयोगी पडावीत, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

पहिले सूत्र, आरंभ पत्राने करावा. डौलदार संकेतस्थळ बांधून वाचकाची वाट पाहण्यापेक्षा शंभर वाचकांना रोज सकाळी एक नेमके पत्र धाडणे बरे. समाजमाध्यमांवर कोणाला काय दिसावे हे त्या कंपन्यांची यंत्रणा ठरविते आणि आज दिसणारे उद्या दिसेनासे होते. ई-मेलच्या पत्त्यांची यादी मात्र आपली असते. ती गावातील दारांसारखी आहे : दार ओळखीचे असले की हाक थेट आत जाते.

दुसरे सूत्र, नित्यनेम. स्त्रियांच्या खेळाची वार्ता चार वर्षांतून एकदा ऑलिंपिकच्या पाहुणीसारखी येते आणि जाते, हेच तर मूळ दुखणे. म्हणून वेळापत्रक, निकाल, गुणतक्ता, दुखापती, संघबदल ही रुक्ष वाटणारी माहितीच रोज आणि बिनचूक द्यावी लागते. भावपूर्ण लेखाने वाचक एकदा येतो, पण गुणतक्त्यासाठी तो रोज येतो.

तिसरे सूत्र, केवळ स्तुती नको. स्त्री खेळली एवढ्यावरच टाळ्या वाजविणे हा आदर नव्हे. सुटलेला झेल सुटला म्हणून लिहावा, चुकलेली निवड चुकली म्हणून सांगावी, संघटनेच्या हिशेबाविषयी प्रश्न विचारावेत. पुरुषांच्या खेळाला लावतो तीच फूटपट्टी येथे लावली, तरच तो खेळ खेळ म्हणून गणला जातो. तिच्या रूपाविषयी व लग्नाविषयी विचारणाऱ्यांची उणीव पूर्वीही नव्हती.

चौथे सूत्र उपजीविकेचे, आणि तेच सर्वांत कठीण. उत्पन्नाच्या वाटा मोजक्याच आहेत. जाहिरात व प्रायोजक, वाचकांची वर्गणी, आणि गुंतवणूकदारांचे भांडवल. भांडवल म्हणजे उत्पन्न नव्हे. ते उसने बळ आहे आणि देणाऱ्याला घाई असते. केवळ प्रायोजकावर विसंबावे तर त्याला दुखविणारी बातमी लिहिताना लेखणी अडखळते. म्हणून थोडी का होईना, वर्गणी हवीच. दुसरीकडे खर्च दिसतो त्याहून अधिक असतो. सामन्यांच्या छायाचित्रांचे हक्क विकत घ्यावे लागतात, वार्ताहराला प्रवासखर्च द्यावा लागतो. ‘तूर्त नावासाठी लिही, पैशाचे पुढे पाहू’ असे तरुण लेखिकेला सांगणारा उद्योग अन्यायाविरुद्ध लिहीत असतानाच अन्याय करीत असतो.

आता आपल्या अंगणात येऊ. महिलांचा पहिला क्रिकेट विश्वचषक १९७३ साली झाला, पुरुषांचा १९७५ साली. हा क्रम किती घरांत ठाऊक आहे? १९७३ सालीच भारतीय महिला क्रिकेट संघटना स्थापन झाली आणि पहिली आंतरराज्य स्पर्धा आपल्या पुण्यात भरली. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश असे तीनच संघ होते. अनारक्षित डब्यांतून प्रवास, धर्मशाळांत व वसतिगृहांत मुक्काम, असे ते दिवस. शांता रंगास्वामी, डायना एडलजी यांच्या पिढीने खेळ जगविला, परंतु त्यांच्या खेळाची रोजची नोंद ठेवणारे फार थोडे होते. आज त्या पिढीविषयी लिहू पाहणाऱ्याला बरेचसे आठवणींवर विसंबावे लागते. वार्ता नसली की पुढे इतिहासही उरत नाही, हा त्याचा धडा.

पुढे भारतातही ‘फिमेल क्रिकेट’, ‘विमेन्स क्रिकझोन’ यांसारखी केवळ महिला क्रिकेटला वाहिलेली संकेतस्थळे उभी राहिली, आणि जे सामने वृत्तपत्रांत दोन ओळींतही मावत नसत, त्यांचे वृत्तांत वाचावयास मिळू लागले. २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीग सुरू झाली. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, आणि त्या संघाची उपकर्णधार सांगलीची स्मृती मानधना होती. त्याच वर्षी जानेवारीत दिल्लीत खो-खोच्या पहिल्या विश्वचषकात भारतीय महिलांनी नेपाळला ७८-४० असे नमविले, तेव्हा कर्णधारपद महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेकडे होते. जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. साताऱ्याच्या माण तालुक्यातील ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली होती.

हे विजय सर्वांनी ऐकले. प्रश्न विजयाच्या दुसऱ्या दिवसाचा आहे. मिरवणूक संपल्यावर जिल्हा पातळीवरचा खो-खो, विद्यापीठांतील कबड्डी, तालमीत उतरलेली मुलगी, पहाटे माळावर धावणारी मुलगी यांची वार्ता कोणी ठेवावी? चौदाव्या-पंधराव्या वर्षी घरातून ‘आता खेळ पुरे’ असे शब्द येतात, तेव्हा ती मुलगी आईवडिलांना काय दाखविणार? छापील नावाची एक ओळ, तालुक्याच्या निकालातील आपला क्रमांक, आपल्याहून दोन वर्षांनी मोठी असलेली शेजारच्या गावची खेळाडू आज कोठे पोहोचली याचा वृत्तांत, एवढे जरी हाती असले तरी त्या संभाषणाचा निकाल पालटू शकतो. यासाठी मोठे कार्यालय लागत नाही. दोन जाणकार लेखिका, बिनचूक नोंदवही, तालुक्या-तालुक्यांतील क्रीडाशिक्षकांशी संबंध आणि मराठीत नेमाने निघणारे एक वार्तापत्र, इतक्यावर आरंभ होऊ शकतो.

आणि आपण वाचकांनी काय करावे? सणाच्या खरेदीत अशा एखाद्या वार्तापत्राची वर्षाची वर्गणी बसते का ते पाहावे. घरातील मुलीच्या शाळेचा संघ जिंकला किंवा हरला, तर गुणांसकट निकाल लिहून वृत्तपत्राला धाडावा. सकाळी चहाच्या वेळी क्रीडापान उघडले, की मुलींच्या सामन्याचा निकालही मोठ्याने वाचून दाखवावा. कोणी वाचते आहे हे कळले तर लिहिणारी लिहीत राहील, आणि तिची वृत्ती चालली तरच वार्ता चालेल.