नदीच्या भिंतीवरची शाळा

लॉस एंजेलिसच्या उत्तर भागात सॅन फर्नांडो व्हॅली आहे. तिथे तुहुंगा वॉश नावाचा एक ओढा वाहतो, पण तो ओढा आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही. 1938 साली या शहरात मोठा पूर आला आणि त्यानंतर अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने इथल्या नद्या-ओढे काँक्रीटमध्ये बांधून काढण्याचं काम हाती घेतलं. उभ्या भिंती, सपाट तळ आणि पावसाळ्यापुरतं धावणारं पाणी एवढंच मग नदीचं रूप उरलं. या ओढ्याच्या एका भिंतीवर 13 फूट उंच आणि 2,754 फूट लांब, म्हणजे अर्ध्या मैलाहून थोडं जास्त, असं एक चित्र आहे. ‘द ग्रेट वॉल ऑफ लॉस एंजेलिस’ हे त्याचं नाव. 1976 च्या उन्हाळ्यात त्यावर पहिला रंग चढला. शिक्षणातून समाज जोडणारी कला म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला मला या भिंतीइतकं चांगलं उदाहरण माहीत नाही.

या कामामागच्या चित्रकार ज्युडिथ बाका 1946 साली याच शहरात, एका मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबात जन्मल्या. आई, आजी आणि मावश्यांच्या घरात त्या वाढल्या. घरात सगळे स्पॅनिश बोलत आणि शाळेत मात्र स्पॅनिश बोलायला मनाई होती. इंग्रजी येत नाही म्हणून बाई त्यांना वर्गाच्या कोपऱ्यात कागद-रंग देऊन बसवत. पुढे चित्रकलेची पदवी घेतल्यावर त्या एका शाळेत शिकवू लागल्या. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात उभं राहिल्यामुळे ती नोकरी गेली. त्यानंतर शहराच्या उद्यान विभागात मुलांना चित्रकला शिकवण्याचं काम मिळालं आणि इथून खरी सुरुवात झाली. पूर्व लॉस एंजेलिसच्या बागांमधून तरुण पोरांच्या टोळ्या असत आणि एका टोळीतला मुलगा दुसरीच्या हद्दीत पाऊल टाकत नसे. भिंतींवर नावं लिहून हद्दी आखल्या जात. भिंत ही या मुलांची बोलण्याची जागा आहे, हे बाकांनी ओळखलं. 1970 मध्ये हॉलेनबेक पार्कमधल्या मंचाच्या कमानीवर त्यांनी वैरी टोळ्यांतल्या मुलांना बरोबर घेऊन हात पसरून उभी असलेली एक आजी रंगवली. आजी सगळ्यांच्याच घरात होती, तिच्यावरून कुणाचं भांडण होणं शक्य नव्हतं.

1974 मध्ये अभियंता दलाने त्यांना तुहुंगा वॉशचा परिसर सुशोभित करायला बोलावलं. दलाच्या मनात बहुधा एखादी छोटी बाग आणि प्रसन्न चित्रं असावीत. बाकांनी त्या लांबलचक भिंतीकडे पाहून वेगळाच विचार केला. नदी काँक्रीटखाली गेली तसे या प्रदेशातले कितीतरी लोकही पाठ्यपुस्तकांखाली गाडले गेले होते. त्यांचा इतिहास कालक्रमाने या भिंतीवर आणायचा, असं त्यांनी ठरवलं. त्या कामासाठी 1976 मध्ये क्रिस्टिना श्लेसिंजर आणि डोना डाइच यांच्यासह त्यांनी ‘स्पार्क’ ही संस्था उभी केली. व्हेनिस भागातल्या जुन्या पोलीस ठाण्यात, जिथे कधीकाळी कोठड्या होत्या, तिथे या संस्थेचं कार्यालय थाटलं गेलं.

पहिल्या उन्हाळ्यात ऐंशी मुलं आली. बहुतेक जण बाल न्यायालयाच्या कचाट्यातून आलेली होती. शहराच्या उन्हाळी रोजगार योजनेतून त्यांना कामाचे पैसे मिळत. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. गरीब घरातल्या सोळा वर्षांच्या मुलाला सुट्टीत समाजकार्य कर म्हणून सांगणं सोपं असतं. इथे त्याच्या श्रमाला मजुरी होती, म्हणजे मान होता. मेक्सिकन, काळी, गोरी, आशियाई अशी सगळी मुलं एकाच परांचीवर चढली. त्या उन्हाळ्यात सुमारे हजार फूट भिंत रंगली. पुढे 1978, 1980, 1981 आणि 1983 या उन्हाळ्यांत काम पुढे सरकत गेलं आणि एकंदर चारशेहून अधिक तरुणांचे हात त्याला लागले.

रंग हातात घेण्याआधी अभ्यास असे. इतिहासकार येऊन बोलत. ज्यांनी ते दिवस भोगले अशी वयस्क माणसं येऊन आठवणी सांगत. मुलं प्रश्न विचारत, नाट्यप्रसंग करून पाहत, मग रेखाटनं होत. कच्च्या आराखड्यावर चौकटी आखायच्या आणि त्याच प्रमाणात भिंतीवर खडूच्या दोऱ्याने मोठ्या चौकटी मारून चित्र चढवायचं, अशी पद्धत. चौकट आखायला गणित लागतं, तोल सांभाळायला शेजाऱ्यावर विश्वास लागतो आणि एवढं मोठं चित्र कुणी एकट्याने काढू शकत नाही. पहिल्या वर्षी वेगवेगळ्या चित्रकारांनी आपापले भाग स्वतंत्रपणे रचले होते, त्यामुळे तो हिस्सा जरा तुटक वाटतो. 1977 मध्ये बाका मेक्सिकोत कुएर्नावाका इथे भित्तिचित्रकार सिकेइरोस यांच्या कार्यशाळेत शिकून आल्या आणि 1978 पासूनच्या भागात चित्र सलग वाहू लागलं. सिकेइरोस यांचंच एक भित्तिचित्र 1932 मध्ये लॉस एंजेलिसच्या ओल्वेरा स्ट्रीटवर होतं. साम्राज्यशाहीवरची त्याची टीका झोंबली म्हणून ते पांढऱ्या रंगाखाली झाकलं गेलं होतं. ज्या शहराने गुरूचं चित्र झाकलं, तिथेच त्या परंपरेतल्या सर्वांत लांब कामांपैकी एक उभं राहिलं.

भिंतीवर काय आहे? चुमाश आदिवासींची सृष्टीकथा आहे. 1781 मध्ये शहर वसवणारी माणसं आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांच्या अंगात आफ्रिकी, आदिवासी किंवा मिश्र रक्त होतं, हे दिसेल अशी ती रंगवली आहेत. गुलामगिरीतून सुटून शहरातली मान्यवर बाई झालेली बिडी मेसन आहे. रेल्वे बांधणारे चिनी मजूर आहेत आणि 1871 मध्ये जमावाने किमान अठरा चिनी माणसांना ठार केलं, तो प्रसंगही आहे. 1930 च्या दशकात मंदीचं निमित्त करून मेक्सिकन वंशाच्या लाखो लोकांना सीमेपार धाडलं गेलं. त्यांत अमेरिकेचे नागरिक असलेलेही होते. 1942 पासून जपानी वंशाच्या सुमारे 1,20,000 लोकांना छावण्यांत कोंडलं गेलं. 1943 मध्ये ढगळ झूट सूट घालणाऱ्या मेक्सिकन पोरांना खलाशांनी रस्त्यावर नागवं करून मारलं. हे सगळं तिथे आहे. त्यातल्या एका भागापाशी मी पुन्हा पुन्हा थांबते. महामार्गांचे पट्टे अजगरासारखे वळत येऊन घरांना विळखा घालतात, एकाच कुटुंबातली माणसं दोन बाजूंना तुटतात आणि वरून डॉजर स्टेडियम उडत्या तबकडीसारखं वस्तीवर उतरतं. शावेझ रव्हीनमधल्या मेक्सिकन वस्त्या उठवून ते स्टेडियम उभं राहिलं आणि शेवटच्या घरांतल्या माणसांना 1959 मध्ये पोलिसांनी ओढून बाहेर काढलं. युद्धात कारखाने चालवणाऱ्या बायकांचं प्रतीक असलेली रोझी युद्ध संपताच टीव्हीच्या पडद्यात ओढली जाते, तेही तितकंच बोलकं आहे. समलिंगी लोकांच्या सुरुवातीच्या संघटनाही या भिंतीवर आहेत. 1983 साली सरकारी जागेवर हे रंगवायला छाती लागली असणार.

आपल्याकडे सर्वधर्मसमभावाच्या भिंती आपण पाहिलेल्या असतात. हात जोडलेले चार वेष, मध्ये कबुतर. अशा चित्रावर कुणी रागावत नाही आणि त्यातून कुणी काही शिकतही नाही. तुहुंगा वॉशची भिंत अन्याय झाकत नाही. मेक्सिकन मुलाने जपानी छावणी रंगवावी, काळ्या मुलीने चिनी मजूर रंगवावा, अशी ही रीत होती. दुसऱ्याच्या आजोबांचं दुःख आधी नीट ऐकून मग ते हाताने उतरवायचं, हा या कामाचा गाभा होता आणि माझ्या मते त्याच्याशिवाय उरलं असतं ते नुसतं रंगकाम.

1983 नंतर मात्र काम थांबलं. 1950 च्या दशकापाशी, आणि शेवटी ऑलिंपिकमध्ये भिंती ओलांडणाऱ्या विल्मा रुडॉल्फ आणि बिली मिल्स यांच्यासारख्या खेळाडूंपाशी, कथा अडली. भिंत शिल्लक होती, पैसा नव्हता. ऊन, पाणी आणि धुराने रंग उडाले. 2011 मध्ये जीर्णोद्धार पूर्ण झाला. 2017 मध्ये तिचं नाव राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत गेलं, आणि जी माणसं एकदा पुस्तकांतून वगळली गेली होती ती अशी सरकारी दप्तरात पोचली. 2021 मध्ये मेलन फाउंडेशनने पन्नास लाख डॉलर दिले आणि चाळीस वर्षांनी चित्र पुढे सरकू लागलं. 1960 च्या दशकाचे नवे भाग 2023 मध्ये लॉस एंजेलिस काउंटी कला संग्रहालयात प्रेक्षकांसमोरच रंगवले गेले. ज्युडिथ बाकांना राष्ट्रीय कला पदकही मिळालं. सत्तरी ओलांडल्यावरही त्या परांचीपाशी होत्या. एवढा उशीर व्हायला नको होता, हेही म्हटलं पाहिजे. ज्या मुलांनी 1976 मध्ये चौकटी आखल्या, त्यांच्या आयुष्याचा अर्धा भाग पुढचं दशक भिंतीवर येण्याची वाट पाहण्यात गेला.

मुलांकडे कॅलिफोर्नियाला जाणाऱ्या मराठी आई-वडिलांना हॉलिवूडची पाटी आणि डिस्नेलँड हमखास दाखवतात. एक सकाळ या भिंतीसाठी ठेवा. ती कोल्डवॉटर कॅन्यन ॲव्हेन्यूला लागून, बरबँक बुलेवार्ड आणि ऑक्सनार्ड स्ट्रीट यांच्या मध्ये, लॉस एंजेलिस व्हॅली कॉलेजच्या शेजारी आहे. तिकीट नाही. काठाने चालत जा आणि नातवंडं बरोबर असतील तर त्यांना प्रत्येक भाग कशाचा आहे ते विचारू द्या.