दागिन्याची पाठ

आजीच्या डब्यातील दागिने बाहेर काढून त्यांची नुसती नावे एकापाठोपाठ उच्चारली, तरी एखाद्या घरंदाज शेतकऱ्याच्या रानातून, परसातून आणि स्वयंपाकघरातून सावकाश फेरी मारून आल्याचा प्रत्यय येतो. जवाच्या दाण्यांसारख्या मण्यांची जवमाळ, बोरांच्या आकाराची बोरमाळ, पोह्यांची आठवण करून देणारा पोहेहार, बकुळीच्या फुलांचा बकुळहार, चाफ्याच्या कळ्यांची चंपाकळी, अंबाड्यात खोवायचे सोन्याचे केवड्याचे पान आणि थेट पायाच्या बोटात येऊन विसावलेली मासोळी, ही सारी नावे पाहणाऱ्या माणसांनी ठेवलेली आहेत. ज्या कोणा कारागिराने जवाचा दाणा पहिल्यांदा बोटांत फिरवून तो सोन्यात कसा उतरेल याचा विचार केला, त्याचे नाव कोणत्याही सनदेत, दप्तरात वा जमाखर्चाच्या कीर्दीत आढळणार नाही. त्याचे निरीक्षण मात्र पिढ्यानपिढ्या आपल्या स्त्रियांच्या गळ्यात नांदत आले आहे.

हाताने दागिने घडविणाऱ्यांना हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, या कल्पना सुचतात तरी कुठून? गेली अनेक वर्षे मी चांदीत काम करते आहे आणि या प्रश्नाला मी वेळोवेळी दिलेली उत्तरे आज मलाच अपुरी वाटतात. निसर्गातून, देवळांतून, जुन्या चित्रांतून ही उत्तरे खोटी नव्हेत; पण निसर्ग, देवळे आणि चित्रे तर सर्वांसमोर सारखीच उघडी असतात. स्फूर्ती ही डोळ्यांना होते आणि हात तिची चाकरी करतात, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे, ती माझ्या अनुभवाशी जुळत नाही. हात जेवढे शिकतो, तेवढेच डोळ्याला दिसू लागते, असे मला आता वाटते, आणि हे मला ज्यांच्यामुळे कळले ते कोल्हापूरच्या गुजरीलगतच्या एका बोळात बसणारे वयोवृद्ध कारागीर होते, ज्यांना आम्ही सर्व जण काका म्हणत असू.

काकांची खोली भर दुपारीही अंधारी असे. सूर्यप्रकाश येणाऱ्या एकुलत्या एका खिडकीवर गोणपाट टाकलेले, समोर ऐरण, बाजूला कोळशाची शेगडी, फुंकणी, सांडशी, मुशी आणि टाकणखाराची वाटी. हा अंधार दारिद्र्याचा आहे, अशी माझी पहिल्या दिवशी समजूत झाली होती. पुढे तारेचे काम हाती आले तेव्हा त्याचे खरे कारण उमगले. चांदीची जाड तार पोलादी जंतराच्या एकाहून एक लहान छिद्रांतून ओढत नेली, की ती बारीक होते खरी, पण प्रत्येक ओढीबरोबर कठीणही होत जाते, आणि तिला मध्येमध्ये ताव देऊन नरम केले नाही तर हमखास तुटते. हा ताव किती द्यायचा, याची खूण एकच : चांदीवर चढणारी मंद तांबूस झाक. ही झाक उजेडात दिसत नाही. उजेडात जेव्हा ती दिसू लागते, तेव्हा चांदी तिच्या 962 अंश सेल्सिअस या वितळण्याच्या उंबरठ्याकडे झपाट्याने निघालेली असते. पहिल्या महिन्यात एकदा हौसेने मी ते गोणपाट बाजूला सारून काम केले आणि तीन दिवस खपून ओढलेल्या तारेचा क्षणार्धात गोळा करून टाकला. काका रागावले नाहीत. त्यांनी तो गोळा मुशीत टाकला आणि पुन्हा पहिल्यापासून तार ओढायला सांगितली.

त्या गोळ्यानेच मला पुढचा धडा दिला. सुईवर बारीक तार गुंडाळून तिची सारख्या मापाची कडी कापावीत, ती कोळशावर अंतराअंतराने मांडावीत आणि त्यांवर फुंकणीने ज्योत सोडावी. प्रत्येक कडे प्रथम लाल होते, मग कड सोडून आत ओढले जाते आणि डोळ्यांदेखत एक लखलखीत वाटोळा थेंब होऊन बसते. याला रवा म्हणतात. कडी सारखी असली की रवेही सारखे होतात, कारण वजन सारखे. वितळलेली धातू आपले आवरण जितके आखडता येईल तितके आखडून घेते आणि सर्वांत कमी आवरण लागते ते गोलाला. हातोडी, साचा, कानस यांपैकी कशाचीही मदत न घेता आकार घडतो, ही या कामातली मला सर्वांत विलक्षण वाटलेली गोष्ट. त्यानंतरच्या पावसाळ्यात घरामागच्या अळूच्या पानांवर उभे राहिलेले थेंब पाहून मी जागच्या जागी थबकले. ते थेंब मी लहानपणापासून पाहत होते आणि अळवावरचे पाणी हा वाक्प्रचार तर शेकडो वेळा उच्चारला होता. तथापि तो थेंब स्वतःला सावरून धरतो आहे, हे रवा पाडायला शिकलेल्या हातामुळेच मला दिसले. त्या वर्षी मी घडविलेल्या कर्णफुलांत अळूचे पान आणि त्यावर तीन रवे होते. पिळाची तार शिकले तेव्हा दाव्याचा पीळ आणि केरसुणीची बांधणी दिसू लागली. मणी ठासून भरण्याची पद्धत शिकले तेव्हा ठुशीला ठुशी का म्हणतात तेही समजले आणि ज्वारीच्या कणसाकडे पाहण्याची माझी दृष्टीही पालटली.

अर्थात जे दिसते ते सर्वच दागिन्यात उतरत नाही, आणि उतरवूही नये. बकुळीच्या फुलावर माझे फार प्रेम. सकाळी वेचलेली फुले समोर ठेवून मी त्यांची प्रत्येक अणकुचीदार पाकळी चांदीत कापली, मुरडली आणि अशी चाळीसएक फुले मोठ्या अभिमानाने काकांपुढे ठेवली. त्यांनी एक फूल उचलले आणि काही न बोलता माझ्या लुगड्याच्या पदरावरून हलकेच ओढले. पाकळीने धागा धरला. हार गळ्यात पडल्यावर तो पदराशी, केसांशी आणि मांडीवरच्या लेकराच्या गालाशी दिवसभर राहणार आहे, याचा मी विचारच केला नव्हता. नंतर त्यांनी एका जुन्या बकुळहारातले सुटे फूल दाखविले. त्याच्या पाकळ्यांच्या कडा मुडपून गोल केल्या होत्या आणि साऱ्या रचनेचा भर मधल्या छिद्रावर होता. बकुळीच्या फुलाला निसर्गतःच मध्ये छिद्र असते, म्हणून तर मुले ती सुईवाचूनही दोऱ्यात ओवतात. त्या जुन्या कारागिराने फुलाचे रूप थोडे सोडले आणि त्याचे ओवले जाणे तेवढे घेतले. माझ्या फुलांत हुबेहूबपणा होता, त्याच्या फुलात समज होती.

ही समज पुस्तकांतून मिळत नाही, पण पाहण्यासारख्या जागा आपल्याकडे पुष्कळ आहेत. कार्ल्याच्या चैत्याच्या दर्शनी भिंतीवरील स्त्री-पुरुषांच्या युगुलांच्या अंगावरची जड वळी आणि कर्णभूषणे शांतपणे पाहावीत. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीच्या मुकुटाकडे आणि गळ्यातील मोत्यांकडे पाहावे. तेरच्या संग्रहालयातील सातवाहनकालीन मणी आणि शंखाची कामे पाहावीत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात तर मी दागिन्यांच्या दालनापेक्षा अडकित्ते, फण्या आणि वज्र्या यांपुढेच अधिक वेळ घालविते, कारण रोज हातात धरायच्या वस्तूला शोभा कशी द्यावी याचे शिक्षण तिथे अधिक मिळते. आणि स्फूर्ती आपल्याच मातीतून यावी असाही काही दंडक नाही. ज्या पुतळ्यांच्या माळेला आपण अस्सल मराठी दागिना समजतो, तिच्यातील पुतळी हे नाव मुळात व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याला मिळालेले. त्यावरील उभ्या आणि गुडघे टेकलेल्या आकृती पाहून आपल्या लोकांनी त्या नाण्याला पुतळी म्हटले, त्याला कडी लावली आणि गळ्यात घातले. पुढे आपल्या कारागिरांनी तसे चकते स्वतःच घडविले. समुद्रापलीकडच्या टांकसाळीतून निघालेले नाणे इथल्या लग्नाच्या यादीत जाऊन बसले, यात मला आपल्या कारागिरांच्या मोकळ्या मनाचे दर्शन घडते.

परंतु लेणी आणि संग्रहालये यांहून मोठी शाळा म्हणजे दुसऱ्याने घडविलेला जुना दागिना. दुरुस्तीला काही आले, की काका पुढची बाजू पाहतच नसत. "ताई, आधी पाठ बघा," हे त्यांचे वाक्य माझ्या कानांत बसले आहे. समोरच्या बाजूला झिलई असते, ठसा असतो; पाठीवर डाक कुठे लावला, पत्रा किती पातळ ठोकला, कडी कोणत्या कोनात बसविली हे सारे लिहिलेले असते. जुन्या बोरमाळेचा मणी उलटून पाहिला, तर तो पोकळ असतो आणि आत लाख भरलेली दिसते. मासा-दोन मासे सोने ज्यांना परवडे, त्यांच्याही गळ्यात भरगच्च माळ दिसावी म्हणून कोणा सहृदय कारागिराने काढलेली ही युक्ती आहे, आणि आठ गुंजांचा एक मासा व बारा माशांचा एक तोळा या हिशेबात आयुष्य घालविलेल्या माणसालाच ती सुचावी. खोलीतला केरसुद्धा काका झारेकऱ्यासाठी राखून ठेवीत. तो ती धूळ धुऊन तिच्यातील धातूचे कण काढी. इतक्या काटकसरीतून इतके सौंदर्य निर्माण झाले आहे.

या शाळेवर एक मोठा आघात झाला, त्याची आठवण कारागिरांच्या घरांत अजून निघते. 1963 च्या जानेवारीत सुवर्णनियंत्रणाचा अंमल सुरू झाला आणि 14 कॅरटहून अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडविण्यास मनाई झाली. ही अट पुढे काही वर्षांत उठली, तरी 1968 चा सुवर्णनियंत्रण कायदा 1990 पर्यंत कायम होता. त्या पहिल्या काळात अनेक सोनारांनी ऐरण बाजूला ठेवून दुसरा रोजगार पत्करला, आणि ज्या घरात बापाचा हात थांबला तिथे मुलाचा हात शिकलाच नाही. कायद्यामागील हेतूची चर्चा अर्थशास्त्रज्ञांनी करावी; मी एवढेच म्हणेन की तुटलेली तार पुन्हा वितळविता येते, तुटलेली शागिर्दी पुन्हा जोडणे त्याहून फार अवघड आहे. तरीही ती जोडली जाते आहे. हुपरीसारख्या गावात चांदीचे काम आजही घरोघरी चालते आणि पैंजणांचे जोडकाम करणाऱ्या बायकांच्या बोटांना जी गती असते, ती पाहायला मी वर्षातून एकदा तरी जाते. तिथून परतताना वहीत एकही नक्षी उतरलेली नसते, पण पुढचे कित्येक दिवस माझा चिमटा अधिक सरळ चालतो.

काका आता नाहीत. त्यांची जंतराची पट्टी माझ्याकडे आहे आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या दोन मुलींना मी पहिले सहा महिने त्याच पट्टीतून तार ओढायला लावते. त्यांना कंटाळा येतो हे मला दिसते. मध्यंतरी त्यांतील एकीने कुंभाराच्या चाकावरून उतरलेल्या मडक्याच्या काठाचे चित्र काढून आणले आणि असा काठ दोन तारांच्या पिळात बसेल का, असे विचारले. पीळ तिने आदल्याच आठवड्यात शिकला होता.

वाचकांपाशी माझे एक मागणे आहे. घरातील जुने, मोडके दागिने मोडीत घालून नवे घेण्याची रीत आहे आणि ती बेरीज-वजाबाकीच्या दृष्टीने रास्तही असेल. पण एकदा मुशीत गेलेल्या दागिन्याचे वजन तेवढे शिल्लक राहते. म्हणून तो सराफाच्या काट्यावर ठेवण्यापूर्वी त्याची पुढची आणि मागची अशी दोन्ही छायाचित्रे काढा, त्याचे घरात चालत आलेले नाव वहीत टिपून ठेवा, आणि गावात एखादा हाताने काम करणारा कारागीर असेल तर एक दुपार तो दागिना त्याच्यापाशी राहू द्या. त्याला तो उलटून पाहू द्या.