बदली आला म्हणून मान कमी?

कोल्हापुरातनं बोलतोय. आज विषय फुटबॉलचा, पण आपल्या शाहू स्टेडियमवरचा नव्हे. हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर जातात ना, तो अमेरिकेतला.

तिथं एनएफएलमध्ये दरवर्षी ‘प्रो बोल’साठी मोसमातले भारी खेळाडू निवडतात. चाहते, खेळाडू, प्रशिक्षक सगळे मत देतात. पण निवडलेला जखमी झाला, किंवा त्याचा संघ फायनलला गेला, की यादीतला पुढचा आत येतो. आणि ‘प्रो बोलर’ हा शिक्का त्यालाही कायमचा लागतो. 2022 च्या मोसमात बाल्टिमोरचा टायलर हंटली असाच आत आला. अख्ख्या मोसमात त्याचे टचडाउन पास किती? फक्त 2! लोकांनी कपाळाला हात लावला.

म्हणाल, आपल्याला काय त्याचं? आहे की. 2025 चा महिला वर्ल्ड कप आठवा. आपल्या सांगलीची स्मृती मानधना आणि प्रतिका रावल ओपनिंगला. न्यूझीलंडविरुद्ध दोघींची 212 ची भागीदारी, त्यात प्रतिकाचे 122. पुढच्याच मॅचला, बांगलादेशविरुद्ध फिल्डिंग करताना तिचा पाय दुखावला आणि स्पर्धा संपली. तिच्या जागी आली शेफाली वर्मा. मूळ 15 जणींत तिचं नावच नव्हतं! 2 नोव्हेंबरला फायनल, मैदान नवी मुंबईचं, आपल्या कोल्हापूरच्या डी. वाय. पाटलांच्या नावाचं. शेफालीनं 87 धावा ठोकल्या, वर 2 विकेट घेतल्या. प्लेअर ऑफ द मॅच तीच.

आता सांगा, तिचा मान ‘बदली’चा म्हणायचा? अजिबात नाही. तिनं तो मैदानात मिळवला. हंटलीचं तसं नाही. त्याला जो मान मिळाला, तो झालेल्या मोसमाच्या कामाचा होता, आणि ते काम पुरेसं नव्हतं. म्हणजे प्रश्न बदली आला की मूळचा होता, हा नाहीच. मान कशाबद्दल देताय, हा आहे.

याची दुसरी बाजू जास्त टोचते. प्रतिकानं स्पर्धेत 308 धावा केल्या, पण बदली खेळाडू घेतली की जखमी खेळाडू अधिकृत संघाबाहेर जाते. पदकं 15 जणींनाच. त्यामुळं त्या रात्री ती व्हीलचेअरवर जल्लोषात होती, गळ्यात पदक नव्हतं. पुढं आयसीसीचे अध्यक्ष जय शाह यांनी पदकाची सोय केल्याचं तिनंच सांगितलं. छान झालं. पण हे कुणाच्या मोठेपणावर का सोडायचं? ऑलिम्पिकच्या रिलेत फक्त प्राथमिक फेरीत धावलेल्यालाही, संघ जिंकला की पदक मिळतं. तसंच इथं नियमातच लिहा की!

माझं मत सरळ आहे. पदक संघाचं, जो जो खेळला त्याचं. आणि ‘सर्वोत्तम’ हा किताब मात्र कामगिरीचाच. जागा रिकामी झाली म्हणून वाटायचा नाही. हंटलीसारख्याला खेळायला जरूर बोलवा, पण नोंद ‘बदली’ अशीच ठेवा.

तुम्हाला काय वाटतं? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!